चौथं मत

“त्या मशीनला पुरळ उठलंय,” चौगुले बाई म्हणाल्या.

गिरणीत चकलीच्या भाजणीचं दळण चालू होतं. दिवाळी तोंडावर आलेली, त्यामुळे डब्यांची रांग पार दारापर्यंत गेली होती. बाई आमच्या निंबेवाडीच्या शाळेत शिकवायच्या. त्या वर्षीची विधानसभेची निवडणूक दिवाळीच्या जरा आधी येत होती. बाईंना कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या मतदान केंद्रावर ड्युटी लागली होती आणि तालुक्याला प्रशिक्षण उरकून त्या थेट गिरणीत आल्या होत्या.

“कसलं मशीन, बाई?”

“मतदानाचं गं. बटणं असतात ना, त्यांच्या शेजारी बारीक बारीक फुटकुळ्या. मी साहेबांना म्हटलं, हा पीस खराब आहे, बदलून द्या. तर म्हणाले, सगळेच पीस तसे आहेत. का आहेत ते त्यांनाही सांगता येईना.”

माझा तळवा पिठाच्या धारेखाली होता. पीठ किती तापलंय, किती बारीक पडतंय ते मला तळव्यावरच कळतं. तो हात मी तिथंच धरून ठेवला.

“सगळ्या बटणांशेजारी सारख्याच फुटकुळ्या?”

“आधी सगळ्यांना एकसारखी नक्षी आहे. तिच्या पुढं मात्र बदलतंय. पहिल्याला एकच टिपका. दुसऱ्याला दोन, एकाखाली एक. तिसऱ्याला दोन, पण शेजारी शेजारी. पुढचं नाही बाई ध्यानात.”

मी हात मागं घेतला आणि गिरणी बंद केली. पट्टा फटफट करत थांबला. रांगेतल्या बायका म्हणाल्या, “लाइट गेली का गं?”

“लाइट आहे,” मी म्हटलं. “बाई, ते पुरळ नाही. ते एक, दोन, तीन आहे. ते माझ्यासाठी आहे.”

मी जन्मापासून आंधळी. शहरातल्या अंध मुलींच्या शाळेत दहावीपर्यंत शिकले, तिथंच ब्रेल शिकले. वडील गेल्यावर गावी परत आले आणि दादानं मला गिरणीवर बसवलं. लोक दादाला म्हणाले, तान्या, आंधळ्या पोरीचा हात पट्ट्यात जाईल. दादानं पट्ट्याला लोखंडी जाळी ठोकून घेतली, घरापासून गिरणीपर्यंत मला चार दिवस बोट धरून नेलं आणि पाचव्या दिवशी म्हणाला, “आता तुझी तू जा.” तेव्हापासून गिरणी माझीच. कुणाचं जोंधळं नवं, कुणाच्या गव्हाला कीड लागलीय, हे मी मूठभर दाणे घेऊन सांगते. दादा शेती बघतो, दुधाचा टेम्पो चालवतो.

हे सगळं सांगायचं कारण, दादा वाईट माणूस नव्हता. पण मतदान आलं की तो माझ्याबरोबर आत यायचा. आंधळ्या मतदाराबरोबर सोबती जाऊ शकतो, असा नियमच आहे. सोबत्यानं मतदार सांगेल तेच बटण दाबायचं, असंही नियमात आहे. आदल्या खेपेला मी दादाच्या कानात सांगितलं होतं कुणाला द्यायचं ते. दादा म्हणाला, “बरं.” मशीन लांबलचक वाजलं. बाहेर आल्यावर फाटकापाशी बापू चिकोडे उभे होते. छत्री या चिन्हावर उभे राहणाऱ्या साहेबांचं गावातलं राजकारण बापू बघायचे. दादा त्यांना म्हणाला, “आमची चारीच्या चारी पडली बघा छत्रीला.”

मी कानात सांगितलं होतं ते छत्रीचं नव्हतं.

तेव्हा मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दळणं होती, तिसऱ्या दिवशी दळणं होती, विषय पिठात गेला. पण चौगुले बाईंनी त्या फुटकुळ्यांचं सांगितलं आणि मला कधी एकदा घरी जाते असं झालं.

आम्ही जेवायला बसलो होतो. वहिनी, म्हणजे शालनवहिनी, भाकऱ्या थापत होती. आई दादाच्या शेजारी.

“दादा, ह्या खेपेला मी एकटी आत जाणार,” मी म्हटलं.

“कुठं आत?”

“मत द्यायला.”

दादाचा घास चावायचा आवाज थांबला. “एकटी कशाला? मी हाय की.”

“मशीनवर आकडे आहेत. मला वाचता येतात.”

“येतात, तर येऊ देत. म्हणून काय एकटीनं जायला पायजे? कोण काय फसवंल, चुकीचं बटण दाबशील...”

“मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं तुला? कानात?”

भाकरी थापायचा आवाजही थांबला. वहिनीचं लक्ष आमच्याकडं होतं. दादानं पाणी प्यायलं.

“अगं वैजे, बापूनी आपल्या गिरणीला थ्री-फेजची लाइन आणून दिली. वायरमन गावात यायला तयार नव्हता, तवा बापू त्याला जीपमधनं घेऊन आलं. अर्धं गाव त्यांच्या शब्दाखातर आपल्याकडं दळण आणतंय. त्यांना मी शब्द दिलाय, आमची चार मतं म्हणून. आता एक फुटलं तर काय तोंड दाखवू?”

“मी फोडणार असं कुठं म्हटलं? मी देणार, एवढंच म्हणतेय. कदाचित छत्रीलाच देईन.”

“मग माझ्यासंगं दे की!”

“तू बरोबर असलास की मी दिलं, असं नाही ना होत. तू दिलेलं असतं.”

“मतासाठी भांडताय व्हय रं?” आई म्हणाली. “भाकरी गार व्हायला लागली.”

आमच्या अंध मुलींच्या शाळेत इनामदार बाई होत्या. मानवी हक्कांचा जाहीरनामा त्यांनी आम्हाला ब्रेलमध्ये वाचायला दिला होता. जगातल्या देशांनी मिळून केलेला. जवळजवळ प्रत्येक कलम एकाच शब्दानं सुरू व्हायचं, ‘प्रत्येकाला’. प्रत्येकाला जगण्याचा हक्क, प्रत्येकाला शिकण्याचा, प्रत्येकाला आपल्या देशाच्या कारभारात भाग घेण्याचा. गुप्त मतदानाचंही त्यात होतं. मी बाईंना विचारलं होतं, “आमच्यासाठीचं पान कुठलं?” बाई म्हणाल्या होत्या, “तुमच्यासाठी वेगळं पान नाही. ‘प्रत्येक’ म्हटलंय ना? त्यात तू आलीस. वेगळं पान कुणी दाखवायला लागलं तर समजायचं, तो तुला मूळ पानावरनं उठवतोय.”

हे मी दादाला सांगितलं. दादा म्हणाला, “ते जगाचं झालं. आपल्याला निंबेवाडीत ऱ्हायचंय.” आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी बापू स्वतः गिरणीत आले. बापूंच्या चपला करकरायच्या, त्यामुळे ते रस्त्यावर असतानाच मला कळायचं. आल्या आल्या त्यांनी कुणाच्या तरी डब्यातली भाजणी चिमूटभर तोंडात टाकली.

“झकास भाजलीया. वैजूताई, मतदानाच्या दिवशी तुला जीप पाठवतो बघ. तू, तान्या, शालन, सगळी बसून या.”

“शाळा इथं दोन वळणांवर आहे, बापू. मी रोज त्या वाटेनं चालते.”

“बरं, चालत ये. पर तान्याला सोडू नगंस. गर्दी असती, ढकलाढकली असती.” मग आवाज जरा खाली आला. “काय तरी कानावर आलंय माझ्या. एकटीनं आत जायचं म्हणून.”

“बरोबर आलंय.”

“कशाला गं पोरी हे खूळ? आम्ही काय परके हाय? तुला डोळं न्हाईत म्हणून सगळं गाव तुझं डोळं झालंय.”

“ते खरं आहे,” मी म्हटलं, आणि मला ते खरंच वाटत होतं. “बापू, तुमचं मत तुम्ही कुणाला बरोबर घेऊन देता?”

बापू हसले. ते हसणं चांगलं होतं, पण लवकर संपलं. “मला बोलण्यात हरवशील तू. मी एवढंच सांगतो, गावात मिळूनमिसळून ऱ्हावं. दळण काय, पलीकडच्या वाडीत बी गिरणी हाय.”

चपला करकरत गेल्या. रांगेतले डबे पुढं सरकले. मग मागून सखूआत्या म्हणाल्या, “पलीकडच्या गिरणीचं पीठ म्हंजे वाळू नुसती,” आणि बायका हसल्या. मीही हसले, पण त्या दिवशी आलेला प्रत्येक डबा मी मोजला. गिरणीवर आमचं अर्धं घर चालायचं.

मतदानाच्या दिवशी आईला सकाळीच जीप घेऊन गेली. म्हाताऱ्या माणसांना बापू आधी उरकून घ्यायचे. मी, वहिनी आणि दादा नंतर निघालो.  दादाचा हात माझ्या कोपराला होता, नेहमीसारखाच, घट्टही नाही आणि सैलही नाही.

शाळेचा व्हरांडा लोकांनी भरला होता. कुठं उदबत्तीचा वास येत होता, कुणी तरी बाटलीतलं पाणी पीत होतं. बायकांच्या रांगेत मी पुढं, वहिनी मागं. पुरुषांच्या रांगेतून दादा माझ्या शेजारी येऊन थांबला.

पहिल्या टेबलावरच्या माणसानं नाव वाचलं, “वैजयंता महादेव लोहार.”

मी काही बोलायच्या आत कोपऱ्यातून सुभ्या ओरडला. सुभ्या म्हणजे बापूंचा पुतण्या, छत्रीचा पोलिंग एजंट. “ती आंधळी हाय, साहेब. भाऊ बरोबर हाय तिचा. दोघांना एकदम सोडा.”

“सोबती का? या, या.” हा नवा आवाज केंद्राध्यक्षांचा, म्हणजे त्या खोलीतल्या सगळ्यात वरच्या अधिकाऱ्याचा. मऊ, जरा सर्दी झालेला. भोसगे नाव होतं त्यांचं, शहरातल्या कॉलेजात शिकवायचे. “भाऊ, इकडं एक सही करावी लागेल.”

“सोबती नको,” मी म्हटलं. “मी माझी देणार.”

“पण ताई, तुम्हाला...”

“दिसत नाही. वाचता येतं. मशीनवर ब्रेल आहे, साहेब.”

 मला वाटतं भोसगे सर वाकून मशीन बघत असावेत, कारण पुढचा आवाज खालून आला. “अरेच्चा. आहे की.”

“साहेब, ती काय बी दाबील!” सुभ्या म्हणाला. “मत वाया जाईल.”

“गेलं तर तिचं जाईल,” मागून वहिनी म्हणाली. मी चकितच झाले. वहिनी दादासमोर एवढ्या मोठ्यानं कधी बोललेली मला आठवत नव्हती.

“तसं नाही, ताई,” भोसगे सर म्हणाले. “माझी अडचण वेगळी आहे. कुठला आकडा कुठल्या उमेदवाराचा, हे तुम्हाला कळायला हवं. त्यासाठी ब्रेलमध्ये उमेदवारांची यादी येते. ती आमच्या पेटीत आलेलीच नाही. मी वर फोन करून विचारतो.”

ते बाहेर गेले. गावच्या शाळेत मोबाइलला रेंज फक्त हापशाच्या कट्ट्यावर चढलं की यायची. थोड्याच वेळात बाहेरून त्यांचं “हॅलो, हॅलो, मी निंबेवाडीतून...” ऐकू यायला लागलं, आणि त्याच्याबरोबर पोरांचं, “सर, अजून वर चढा, वर!” रांग वैतागली होती. कुणी म्हणालं, एका मतासाठी किती खोळंबा. कुणी म्हणालं, बायकांना डोक्यावर चढवलं की असंच. तेवढ्यात पुरुषांच्या रांगेतून म्हातारे गणू आबा म्हणाले, “अरं, माझ्या पोत्यातलं जोंधळं आणि पाटलाच्या पोत्यातलं जोंधळं ती चिमटीनं वळखती. तिला चार बटणं वळखू येणार न्हाईत व्हय? थांबा की गपगुमान. तुमाला काय विमान गाठायचंय?”

लोक हसले. हवा जरा मोकळी झाली.

भोसगे सर परत आले तेव्हा धापा टाकत होते. “लागला नाही फोन,” ते म्हणाले.  मला त्यांची दया आली. चूक झाली तर त्यांच्याच गळ्याशी येणार होतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, भावाला घेऊन जा, नाही तर घरी जा.

“सर,” मी म्हटलं, “उमेदवारांची नावं मशीनवर आहेत त्याच क्रमानं तुम्ही एकदा मोठ्यानं वाचा. सगळ्यांसमोर वाचा. मी लक्षात ठेवते.”

“सगळी? नऊ आहेत.”

“गिरणीत माझ्याकडं एका वेळी वीस-पंचवीस डबे असतात, सर. कुणाचा कुठला, मी लिहून ठेवत नाही.”

“हां, पर छत्रीवर दाबून वाचायचं न्हाई,” दुसऱ्या बाजूचा एजंट म्हणाला.

“आणि किटलीवर बी न्हाई,” सुभ्या म्हणाला.

“मी हजेरी वाचतो तशी वाचेन,” भोसगे सर म्हणाले. “बावीस वर्षं वाचतोय. त्यात कुणालाच कधी काही वाटलेलं नाही.”

आणि त्यांनी खरंच हजेरी वाचली. एक, नाव, चिन्ह. दोन, नाव, चिन्ह. सगळी एका सुरात, सर्दीच्या आवाजात. छत्री, किटली, शिट्टी, शिलाई मशीन, सगळ्यांना सारखाच कंटाळा. व्हरांडा चिडीचूप झाला होता. मला वाटतं, त्या रांगेतल्या कित्येकांनी नऊ जण उभे आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असावं.

“पुन्हा वाचू?”

“नको. बसली डोक्यात.”

बोटाला शाई लागली. थंडगार. मग सुभ्यानं शेवटचा प्रयत्न केला. “तानाजीभाऊ, तुम्ही तरी सांगा की तिला. बापू बाहेर उभं हायेत.”

दादाचा हात अजून माझ्या कोपराला होता. मला त्याच्या बोटांतली नाडी लागत होती. सगळी खोली त्याच्याकडं बघत असणार, कारण कुणाच्या खुर्चीचाही आवाज येत नव्हता.

“टेबलापर्यंत सोडू का?” त्यानं मला विचारलं. हळू विचारलं, पण सगळ्यांनी ऐकलं.

“कोपऱ्यापर्यंत सोड.”

त्यानं मला टेबलाच्या कोपऱ्यापर्यंत नेलं, माझा हात पुठ्ठ्याच्या आडोशाच्या कडेवर ठेवला आणि कोपर सोडलं. मग त्याच्या चपलांचा आवाज वळला आणि दाराकडं गेला.

पुठ्ठ्याच्या आत वाकले. मशीन गुळगुळीत, गार होतं. मी बटणांच्या शेजारून बोट वरपासून खाली नेलं. एक. दोन. तीन. ठिपके अगदी शाळेतल्या पुस्तकातल्यासारखे होते, नवे, टोकदार. शेवटपर्यंत गेले, परत वर आले.

आणि मग मी उगाचच तिथं थांबले.

माझं सगळं आयुष्य लोकांसमोर गेलंय. मी जेवते, केस विंचरते, वाट चुकते, ठेचकाळते, कुणी ना कुणी बघत असतं आणि कोण बघतंय ते मला कळत नसतं. मी कुणाला बघू शकत नाही, पण मी सगळ्यांना दिसते. मायेनं बघतात, तरी बघतातच. त्या पुठ्ठ्यामागं, जन्मात पहिल्यांदा, मी कुणालाच दिसत नव्हते. माझा हात कुठं आहे हे जगात फक्त मला माहीत होतं. एवढीशी दीड हाताची जागा, पण मला ती आमच्या रानापेक्षा मोठी वाटली. मी एकटी आत जाणार म्हणून हट्ट धरला होता, तो नेमका कशासाठी, हे मला तिथं वाकल्यावर कळलं.

“आत झोपली काय?” सुभ्या बाहेरून म्हणाला.

“मतदाराला घाई करायची नाही,” भोसगे सर म्हणाले. ह्या वेळी आवाज मऊ नव्हता.

मी बटण दाबलं. मशीन लांबलचक वाजलं.

बाहेर पडताना भोसगे सर शेजारी आले. “ताई, पुढच्या वेळी ती यादी यायला हवी, असं मी रिपोर्टात लिहितो,” ते म्हणाले, आणि शिंकले.

फाटकापाशी बापू होते. “काय वैजूताई, झालं मनासारखं?”

“झालं.”

“कुणाला दिलंस?”

“बापू, ते विचारायचं नसतं,” मी म्हटलं. “आणि विचारलंत तरी सांगायचं नसतं.”

मागं वहिनी यायला बराच वेळ लागला. दादाला त्याहून जास्त.

दुपारी मी आणि वहिनी करंज्या करायला बसलो. मी लाट्या करत होते, ती सारण भरत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “वन्सं, एक विचारू? त्या पुठ्ठ्याच्या आत, खरंच कुणाला काय दिसत न्हाई?”

“वहिनी, तुम्हाला डोळे आहेत. तुम्हीच सांगा.”

“मी कधी बघितलंच न्हाई की. लग्न झाल्यापासनं हे सांगायचे, वरनं अमकं बटण. मी आत जायची, तेवढंच बटण बघायची, दाबायची आणि पळत बाहेर. मला वाटायचं, कुणी तरी बघतंय. चुकलं तर वरडतील.”

“आणि आज?”

तिनं करंजीची कड दुमडली. कातणं फिरल्याचा आवाज आला. “आज सावकाश दिलं,” ती म्हणाली, आणि एकटीच हसत सुटली. मी काही विचारलं नाही.

निकाल लागला तेव्हा साहेब निवडून आले होते, पण निंबेवाडीच्या केंद्रावर छत्री मागं पडली होती. बापूंनी घराघरांची बेरीज आधीच करून ठेवली होती आणि ती काही जुळत नव्हती. ते घरोघर फिरले. आमच्या गिरणीत आले तेव्हा दादा टेम्पोचं टायर बघत बाहेर होता, आई उन्हाला बसली होती, वहिनी मला डबा द्यायला आलेली.

“तान्या, खरं सांग. तुझ्या घरातली चार पडली का न्हाई?”

दादा उठला. हातातला पाना खाली ठेवल्याचं मी ऐकलं. “बापू, माझ्याबद्दल काय विचारायचं ते मला विचारा,” तो म्हणाला. “बाकीच्यांचं त्यांना विचारा.”

बापू आईकडं वळले. “मावशी, तुम्ही?”

“आं?” आई म्हणाली. आईला कान उत्तम होते.

“मतदान! कुणाला दिलंसा?”

“व्हय व्हय, बरी हाय की तब्येत.”

बापूंनी वहिनीला विचारलं. वहिनी म्हणाली, “च्या ठेवू का, बापू?” मग त्यांच्या चपला माझ्यासमोर येऊन करकरल्या. मी वाट बघत होते. पण मला त्यांनी विचारलंच नाही. नुसता एक मोठा सुस्कारा टाकला आणि म्हणाले, “च्या नको, पोटात आधीच आग पडलीया.”

बापूंच्या बाजूची माणसं त्यानंतर काही दिवस पलीकडच्या वाडीत दळण नेऊ लागली. मला झोप लागेना. आठवडाभरानं एकेकाचा डबा परत यायला लागला. पहिला डबा बापूंच्याच घरून आला. त्यांच्या बायकोनं तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “त्या भाकरीनं ह्यांचा दात हलला.”

पण ते नंतरचं. त्या दिवशी बापूंच्या चपला वळणाआड गेल्यावर दादा आत आला आणि पोत्यावर बसला.

“आता घरातल्या घरात सांगा,” तो म्हणाला. “कुणी फोडलं?”

 मग आई उन्हातून म्हणाली, “मी तर कधीच तुझ्या छत्रीला दिलं न्हाई. तुझा बाप सांगायचा एक, मी द्यायची दुसरं. तू सांगायला लागलास, तवाबी तसंच.”

“म्हंजे? इतकी वर्सं मी बापूला चार म्हणून सांगतोय!”

“तू मला कधी विचारलंस?” आई म्हणाली.

वहिनीनं पदर तोंडाला लावला असावा, कारण तिचं हसू दबून येत होतं. दादा तिच्याकडं वळला. “आणि तू?”

“मी करंज्या करायला बसले होते,” वहिनी म्हणाली, आणि मग तिला आवरेना.

मी दादाच्या चिडण्याची वाट बघत होते.  मग पोत्यावरून एक विचित्र आवाज आला. मला आधी वाटलं त्याला ठसका लागला. तो हसत होता.

“तुम्हाला काय सांगू,” तो म्हणाला. “त्या सरानं नऊ नावं वाचली. मला दोनच ठाऊक होती. वैजीला सोडून दारात उभा ऱ्हायलो, तर डोक्यात तीच नावं. माझा नंबर आला. आत गेलो आणि पयल्यांदा वरनं खालपतोर सगळं वाचलं.” तो थांबला. “मी बी न्हाई दिलं छत्रीला.”

“अगं बाई!” वहिनी म्हणाली. “मग कुणाला दिलंत?”

आई उन्हातून उठून दारात आली. मीही गिरणीचा खटका सोडून वळले. आम्ही तिघी त्याच्या उत्तराची वाट बघत होतो.

“ते,” दादा म्हणाला, “मी न्हाई सांगणार.”

आणि आम्ही चौघं इतके हसलो, की रस्त्यानं चाललेल्या सखूआत्या डबा घेऊन दारात थांबल्या. “काय झालं गं? मला तरी सांगा.”

“काय न्हाई, सखू,” आई डोळे पुसत म्हणाली. “ज्याचं त्याला ठाऊक. तू दळण ठेव.”